तेवढ्यात भागेल

भोसरीच्या एमआयडीसीतलं ते ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात उभी केलेली काचेची खोली. बाहेर पॉवर प्रेस चालू होता. दर ठोक्याला टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरायचं, त्यावर बारीक वलयं उठायची आणि ती विरायच्या आत पुढचा ठोका पडायचा. समोर साहेब बसले होते. सत्तरीचे असतील. पांढरा बुशशर्ट, घडीवर विरलेली कॉलर, पायात साध्या चपला. टेबलाच्या कडेला फडक्यात बांधलेला डबा. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. वसतिगृहात मुली किती, त्या कुठल्या वाड्यावस्त्यांवरून येतात, शेवटची एसटी किती वाजता सुटते, यंदा जागा नाही म्हणून कितीजणींना परत पाठवलं. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. मग डबा जरासा बाजूला सरकवला आणि म्हणाले, "बरं मॅडम, बोला. किती?"

मी पंचवीस लाख म्हणणार होते. वरच्या मजल्याचं इस्टिमेट तेवढंच होतं. पंधराशे चौरस फूट, दोन मोठ्या खोल्या, चार बाथरूम, एक अभ्यासिका. शिवाजीनगरहून पीएमटीत बसल्यापासून मी तो आकडा मनातल्या मनात घोळवत आले होते, लहानपणी वाण्याकडे जाताना "पावशेर गूळ, छटाक जिरं" घोळवत जायचे तसा. नाशिक फाट्यापर्यंत तो अगदी तोंडात बसला होता. आणि साहेबांनी विचारल्यावर तोंडातून निघालं, "पाच."

त्यांनी ड्रॉवर उघडला, चेकबुक काढलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. पेन कागदाच्या वर बोटभर अंतरावर. "पाच?"

"हो," मी म्हटलं. "तेवढ्यात भागेल."

त्यांनी चेक लिहिला. पाच लाख एक. वरचा तो एक रुपया लिहिताना जरा हसले. चेक माझ्याकडे न देता सोबत आलेल्या गुरुजींच्या हातात दिला, दोन्ही हातांनी. चहा आला. मुलांची, नातवंडांची चौकशी झाली. पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर होतो, कूलंटच्या त्या गोडसर तेलकट वासातून वाट काढत फाटकाकडे चाललो होतो.

तेवढ्यात भागणार नव्हतं.

परतीच्या बसमध्ये गुरुजी खिडकीशी बसले. गुरुजी आमचे खजिनदार, वय एक्याऐंशी, पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेली. पावतीपुस्तक ठेवायची कापडी पिशवी मांडीवर घेऊन ते गप्प बसून होते. कासारवाडी गेली, दापोडीचा पूल गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, पंचवीस म्हणणार होतात ना?" मी म्हटलं, "निघालं नाही तोंडातून." ते म्हणाले, "हं." पाच लाख एकचा चेक पिशवीत होता. संस्थेच्या चाळीस वर्षांत एका माणसाने एका दिवशी दिलेली ती सगळ्यात मोठी रक्कम होती, आणि आम्ही दोघं कुणाच्या तरी दहाव्याहून परत आल्यासारखे बसलो होतो.

मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. शेवटची नऊ वर्षं कर्जखात्यात. कोटींचे आकडे रोज हाताखालून जायचे. थकलेल्या हप्त्यांसाठी लोकांच्या दारात जाऊन बसले आहे. समोरच्याने आवाज चढवला तरी माझा चढायचा नाही आणि खालीही यायचा नाही. वसुलीला गेलं की सगळ्यात आधी आकडा बोलायचा, मग पाणी प्यायचं, हे मी नव्या पोरांना शिकवलेलं. तेव्हा जीभ अडखळली नाही याचं कारण आता कळतं. ते पैसे बँकेचे होते, हक्काचे होते, आणि माझ्या मागे कागद होते. भोसरीत माझ्या मागे कागद नव्हता. समोर एक भला माणूस होता, विरलेल्या कॉलरचा, आणि त्याच्या मनातला माझ्याबद्दलचा चांगला ग्रह मला जपायचा होता. पंचवीस म्हटलं असतं तर तो क्षणभर तरी मनात म्हणाला असता, बाई भलतीच आहे. तेवढं नको म्हणून मी वीस लाख सोडून दिले. कुणाचे सोडले, हा प्रश्न दापोडीच्या पुलावर पडला.

आमच्या घरात मागणं हा शब्दच नव्हता. आईने मला शेजारी साखरेची वाटी घेऊन कधी पाठवलं नाही. साखर संपली की गुळाचा चहा व्हायचा, गूळ संपला की चहाच नको असायचा. "आहे त्यात भागवायचं" हे तिचं ब्रीद. गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं फाडून, दाभणाने शिवून आमच्या नव्या वह्या व्हायच्या. अवचित पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी आणि चिमूटभर मीठ पडायचं, आणि ती आमटी वाढताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान असायचा तो पुरणपोळी वाढतानाही नसायचा. त्या अभिमानावरच आम्ही वाढलो. त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण आज वाटतं की भागवून घेण्याचं आम्हाला व्यसन लागलं होतं. वडिलांना बढती मागायची होती, त्यांनी सतरा वर्षं मागितली नाही. भागत होतं ना.

आजीचं मात्र वेगळं होतं. वडिलांची आई, सातारकडची. घरची बारा एकर जमीन, दोन बैलजोड्या, परड्यात म्हैस. ही बाई नवरात्रात मंगळवारी पाच घरी जोगवा मागायला जायची. कपाळभर हळदीकुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. ज्या घरी हिच्याच शेतावर रोजाने येणाऱ्या बायका राहायच्या त्याही दारात उभी राहायची आणि मोठ्यांदा आईचा जोगवा म्हणायची. आतून कुणीतरी मूठभर पीठ, मीठ, एखादी मिरची परडीत घालायचं. मी तिचा पदर धरून मागे. एकदा लाज वाटून विचारलं, "आजी, आपल्याकडे तर पोत्यानं जोंधळा आहे." ती म्हणाली, "माझ्यासाठी कुठं मागतीया? आईसाठी मागतीया. आईसाठी मागताना मान खाली घालायची न्हाय." मागून आणलेल्या पिठाची भाकरी त्या दिवशी घरात सगळ्यांनी खायची असा नेम होता. ती भाकरी मी खाल्ली आहे. म्हणजे मला मागता येत नाही असं नाही, येऊ शकलं असतं. मध्ये एक पिढी भागवून घेण्यात गेली.

थेंबाथेंबाने गोळा करायची कला मराठी माणसाला फार चांगली साधली आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायका रोज स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, तो मुष्टिफंड. हिंगण्याच्या स्त्रीशिक्षण संस्थेचा भाऊबीज निधी तर माझ्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी दारोदार फिरून गोळा केला आहे. दिवाळीत बहिणीच्या नात्याने दारात उभं राहायचं आणि ओवाळणी मागायची. हे सगळं आम्हाला जमतं, कारण यात कुणावरच भार पडत नाही. देणाऱ्याला जड नाही, मागणाऱ्याला लाज नाही. गणपतीच्या वर्गणीला आलेली पोरं बिनदिक्कत दोनशे एकावन्नची पावती फाडून हातात देतात ती त्याच बळावर. पण एकाच माणसासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, त्याला खरोखर जाणवेल एवढी रक्कम मागायची म्हटलं की आमचा घसा कोरडा पडतो. मग आम्ही "फूल ना फुलाची पाकळी" म्हणतो. "आपल्या इच्छेप्रमाणे" म्हणतो. आमच्या पत्रकावर गेली तीस वर्षं हेच छापलेलं होतं, आणि लोक आपापल्या इच्छेप्रमाणे पाचशे एक देत होते.

अण्णासाहेब कर्व्यांचं मला यात नेहमी नवल वाटतं. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला १५ लाख रुपये दिले. १९२० चे पंधरा लाख! एवढी रक्कम एकदा मिळाल्यावर दुसरा कुणी आरामखुर्ची घेऊन बसला असता. हा माणूस १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, बोटीत बसून परदेशात गेला, तिथे आपल्या कामाबद्दल सांगत फिरला, निधी गोळा करत फिरला. आणि पुढे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढून पुन्हा पुण्याच्या गल्ल्यांत आणे-रुपये मागायला निघाला. लाखाचा दाता आणि आण्याचा दाता यांच्यासमोर उभं राहताना त्यांच्या आवाजात फरक पडत असेल असं वाटत नाही. फोटोतली त्यांची ती शांत, थोडी हट्टी हनुवटी बघितली की मला आजीची परडी आठवते.

ठाकरसींच्या अटींत विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव द्यावं ही अट होती. कर्व्यांनी ती मान्य केली, म्हणून आज आपण श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ म्हणतो. याच्या अगदी उलट गोष्ट आमच्या साताऱ्यात लहान मुलांनाही ठाऊक असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली कॉलेज काढलं, त्याला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव दिलं. कुणा धनिकाने आपलं नाव लावा, मोठी रक्कम देतो असं सुचवलं, तेव्हा कर्मवीर म्हणाले म्हणतात की एक वेळ बापाचं नाव बदलेन पण हे नाही. मी शाळेत असताना या गोष्टीवर टाळ्या वाजवल्या आहेत. वय झाल्यावर मात्र या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात वागवाव्या लागतात.

कारण आमच्यावरही तशी वेळ आली होती. आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातल्याच एका बड्या व्यापाऱ्याने निरोप पाठवला, वसतिगृहाला वडिलांचं नाव द्या, वीस लाख घ्या. आमच्या वसतिगृहाला ज्या बाईंचं नाव आहे त्या गावातल्या पहिल्या शिक्षिका. स्वतःचं राहतं घर देऊन त्यांनी ते सुरू केलं. बैठक साडेतीन तास चालली. मी कर्मवीरांचं उदाहरण देऊन तावातावाने बोलले. ठराव एकमताने फेटाळला. त्याच पावसाळ्यात जुन्या इमारतीचं छप्पर तीन ठिकाणी गळायला लागलं, मुलींनी जेवणाचे टोप खोल्यांत मांडले, दोन रात्री कॉट भिंतीपासून ओढून मधोमध घेतल्या. आमचं तत्त्व कोरडं राहिलं, गाद्या भिजल्या. आजही तोच ठराव आला तर मी नाहीच म्हणेन. पण तेव्हासारखी तावातावाने बोलणार नाही.

देणाऱ्यांची नावं आमच्याकडे सगळीकडे आहेत. पंख्यांच्या पात्यांवर लाल रंगात "कै. सौ." आहेत, पंखा चालू झाला की नाव फिरून फिरून नाहीसं होतं. जेवणघरातल्या बाकांवर, पाण्याच्या टाकीवर, शिलाई मशिनच्या लाकडी फळीवरसुद्धा. जिन्यातल्या संगमरवरी पाटीवर १९८७ साली एक हजार एक रुपये देणाऱ्या अकरा जणांची नावं कोरलेली आहेत. अक्षरांतला रंग गेलाय, पण सकाळच्या तिरप्या उन्हात वाचता येतात. यांतले काही शिक्षक होते, एक टपाल खात्यातले, एकांची पिठाची गिरणी. तेव्हाचे एक हजार म्हणजे त्यांचा महिन्याभराचा पगार तरी असेल. त्यांच्याकडे कोण गेलं असेल, काय बोललं असेल, हे कुठे लिहिलेलं नाही. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "आमच्या हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, एक पगार द्या. आम्ही दिला." एवढंच. एक पगार द्या. "इच्छेप्रमाणे" नाही.

मागच्या काही वर्षांत मागण्याची भाषाच बदलली. २०१३ च्या कंपनी कायद्याने, निव्वळ नफा ५ कोटींच्या वर गेलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावलं, आणि आमच्यासारख्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या पिशवीत पावतीपुस्तकाशेजारी लॅपटॉप आला. आम्हीही शिकलो. प्रपोजल, बेनिफिशियरी, इम्पॅक्ट, युटिलायझेशन सर्टिफिकेट. बाणेरच्या एका काचेच्या इमारतीत एका तरतरीत मुलीने मला विचारलं होतं, "मॅम, तुमचा आस्क काय आहे?" मला आधी कळेचना. मागणं, याचना, जोगवा, वर्गणी, देणगी एवढे शब्द असताना हा कुठला? नंतर वाटलं, बरंय एका अर्थी. त्या शब्दाला वास नाही, त्यामुळे लाजही नाही. ती मुलगी कामाची होती, प्रश्न नेमके विचारायची. पैसे मिळाले नाहीत, कारण त्यांच्या त्या वर्षीच्या यादीत वसतिगृह बसत नव्हतं, कौशल्य विकास बसत होता. दुसऱ्या एका कंपनीने दोन लाख दिले आणि फोटोसाठी दारापेक्षा मोठा थर्माकोलचा चेक आणला. चाळीस मुलींना उन्हात तासभर उभं केलं. मी त्याला हो म्हटलं होतं. फोटोत सगळ्या मुलींचे डोळे मिटलेले आहेत.

एकदा गुरुजींना घेऊन मी देणग्या मिळवण्याच्या प्रशिक्षणालाही गेले होते. तिथल्या माणसाने शंभर गोष्टी सांगितल्या, त्यांतली एक डोक्यात राहिली: आकडा सांगितल्यावर गप्प बसा. कितीही वेळ जाऊ दे, समोरचा बोलेपर्यंत तोंड उघडू नका, कारण आधी तुम्ही बोललात की स्वतःच आकडा कमी करता. गुरुजी मला कोपराने ढोसून म्हणाले, "हे तर सोयरिकीच्या बैठकीतलं आहे." आम्ही हसलो. भोसरीत मी आकडा सांगायच्या आधीच कमी केला, प्रशिक्षणात त्यावर उपाय नव्हता.

कागदपत्रांत मी कुठे कमी पडत नाही. देणगीदाराला आयकरात सवलत देणारं ऐंशी-जीचं प्रमाणपत्र, त्यातली ५० टक्क्यांची वजावट, रोखीने दोन हजारांच्या वर दिलेल्या देणगीला ती मिळत नाही हे समजावणं, कायम निधीसाठी दिलेली रक्कम असेल तर दात्याचं तसं लेखी पत्र घेणं, धर्मादाय आयुक्तांकडची विवरणं, सगळं वेळेत. पावती दुसऱ्या दिवशी, आभाराचं पत्र हाताने लिहिलेलं. साहेबांनाही गेलं. पत्रात मी लिहिलं, "आपल्या देणगीने वरच्या मजल्याचं काम सुरू होत आहे." सुरू होत आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

पाच लाखांत काय होतं ते बांधकाम करणाऱ्याने आधीच सांगितलं होतं. कॉलम उभे राहिले. गच्चीवरची पाण्याची टाकी जिन्याच्या माथ्यावर हलवली. एका बाजूला विटांचे चार थर चढले. आणि पैसे संपले. कॉलमांतून वर आलेल्या सळया तशाच उघड्या आभाळात उभ्या, बारा ठिकाणी चार-चार. महिन्याभरात मुलींनी या सळयांना नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या. आता गच्चीवर गेलं की युनिफॉर्मच्या निळ्या कुर्त्यांची, ओढण्यांची रांगच्या रांग फडफडत असते. एका सळईच्या टोकाला कुणीतरी प्लॅस्टिकची बाटली उलटी घातली आहे, डोळ्याला लागू नये म्हणून. खाली सहाजणींच्या खोलीत नऊजणी. दोन कॉट जोडून तिघी आडव्या झोपतात. दिवाळीनंतर गेले तेव्हा मी त्यांतल्या एकीला, बारावीच्या मुलीला, विचारलं, "फार अडचण होते का गं?" ती गादीची चादर सारखी करत म्हणाली, "नाही मॅडम. भागतंय की."

मी खाली येऊन बराच वेळ रेक्टरबाईंच्या खोलीत बसले. त्यांनी चहा दिला, साखर कमी होती, मी काही बोलले नाही.

वर्षभराने आम्ही पुन्हा भोसरीला गेलो. या खेपेला खर्चाचा हिशेब, सीएच्या सहीचा कागद आणि फोटो. सिमेंट-लोखंडाचे भाव वाढले होते. उरलेल्या कामाचं नवं इस्टिमेट चोवीस लाखांवर गेलं होतं. म्हणजे पाच देऊन झाल्यावरही एकच लाख कमी झाला होता. बसमध्ये मी आकडा घोळवला नाही. त्याऐवजी आजीचा पदर, परडी, शेणाने सारवलेली अंगणं असलं काहीबाही आठवत बसले. गुरुजी झोपले होते.

काचेच्या खोलीत या वेळी दोन खुर्च्या होत्या. साहेब भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते आणि टेबलामागे त्यांचा मुलगा. पस्तिशीचा, नम्र, समोर दोन फोन. "पप्पांनी सांगितलंय तुमच्याबद्दल," तो म्हणाला. साहेब फोटो बघत होते. सळयांवर वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो त्यांनी जरा लांब धरला, चष्मा वर केला. "हे असं अर्धवट का ठेवलंय?"

"पैसे संपले," मी म्हटलं.

"तुम्ही तर म्हणाला होतात, भागेल."

"चुकीचं बोलले होते, साहेब. तेव्हाच पंचवीस हवे होते. आता चोवीस हवेत."

बाहेर प्रेसचा ठोका पडला. पेल्यातल्या पाण्यावर वलय उठलं. मुलाने वडिलांकडे बघितलं, वडिलांनी फोटोकडे. दुसरा ठोका. तिसरा. गुरुजींनी घसा खाकरला आणि मला कळलं ते काय बोलणार आहेत, "किंवा आपल्याला जमेल तसं". त्यांच्या सुरकुतलेल्या मनगटावर मी माझा हात ठेवला आणि दाबला. ते थांबले. माझे कान गरम झाले होते, पाठीवर घामाची धार उतरत होती, बत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं असं सगळं अंगात होत होतं. सहावा ठोका, सातवा. पुढे मी मोजायचं सोडलं.

शेवटी मुलगा म्हणाला, "मॅम, रक्कम मोठी आहे. आता आमच्याकडे सगळं बोर्डातून जातं. तुम्ही प्रेझेंटेशनचा एक डेक पाठवा, मी बघतो." साहेब काही बोलले नाहीत. गेल्या वर्षी पेन त्यांच्या हातात होतं, कागदाच्या वर बोटभर अंतरावर, आणि ते माझ्यासाठी थांबलं होतं. हे माझ्याही डोक्यात होतं आणि मला वाटतं त्यांच्याही. चहा आला. आम्ही प्यायलो. डेक पाठवते म्हटलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. कर्जखात्यात असताना मी लोकांना याच आवाजात असंच सांगायचे.

साहेब फाटकापर्यंत पोचवायला आले. गुडघे दुखत असावेत, सावकाश चालत होते. वाटेत एका मशिनवरच्या पोराला त्यांनी हातानेच काहीतरी खूण केली, त्याने गॉगल डोळ्यांवर ओढला. फाटकाशी गुरुजींना नमस्कार केला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, गेल्या वर्षीबद्दल, त्या पाचबद्दल. फोटो अजून त्यांच्याच हातात होता.

"मॅडम, या सळयांना सिमेंटचं पाणी मारून घ्या," ते म्हणाले. "घट्ट कालवायचं, पातळ नको. पावसाळ्याच्या आत. नाहीतर गंजतात, मग पुढे स्लॅबला धरत नाहीत. आणि त्या पोरींना दोऱ्या दुसरीकडे बांधून द्या."

बस स्टॉपवर उभं राहूनच मी रेक्टरबाईंना फोन लावला. त्यांना आधी ऐकूच येईना, मागे मुलींचा गलका चालला होता. सिमेंट किती लागेल, त्यांनी विचारलं. मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी म्हणाले, "एक पोतं. मी येताना घेऊन येतो म्हणावं."